कोणतं जळगाव?

संग्रामपूर तालुक्यात कुणी ‘जळगावला चाललो’ म्हणालं, तर पुढे काही विचारावं लागत नाही. जळगाव म्हणजे जळगाव जामोद. मलकापूरच्या स्टँडवर मात्र लगेच प्रश्न येतो, जामोद की खानदेश? नाव एकच, पण ते कोणत्या गावाचं हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. प्रोग्रॅमिंगमध्ये या जागेला स्कोप म्हणतात. क्लासच्या फील्डला सुरुवातीची किंमत देताना तो भल्याभल्यांना चकवतो.

समजा, जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये ‘लेबल’ या फील्डची किंमत ‘नेम’ अशी लिहिली. खाली कन्स्ट्रक्टर आहे आणि त्याच्या पॅरामीटरचं नावही ‘नेम’. वाचणाऱ्याला वाटतं, फील्डला तोच नेम मिळेल. मिळत नाही. क्लास दुसऱ्या क्लासवरून बेतलेला असेल तर फील्ड भरण्याचं काम कन्स्ट्रक्टर चालू असताना, ‘सुपर’ची हाक परतल्याबरोबर होतं. पॅरामीटरची किंमत तेव्हा तयार असते, तरी फील्डला ती दिसत नाही. कारण ती ओळ चालते कन्स्ट्रक्टरच्या वेळी, पण लिहिलेली असते त्याच्या बाहेर. आणि नावाचा निवाडा लिहिलेल्या जागेवरून होतो.

शेगावला किंवा बुलढाण्याला इंजिनिअरिंग करताना जावा शिकलेल्या मुलाला हे खुपणार नाही. जावाचा कंपायलर ‘असं नाव सापडत नाही’ म्हणून तिथेच अडवतो. ब्राउझरमध्ये मात्र ‘नेम’ नावाचं एक जागतिक व्हेरिएबल आधीपासून असतं आणि बहुधा रिकामं असतं. त्यामुळे एरर येत नाही, लेबल कोरं राहतं. जामोदला निघालेला माणूस मुकाट्याने खानदेशात उतरतो.

टाइपस्क्रिप्टची अडचण आणखी मजेशीर. जावास्क्रिप्टमध्ये अशी फील्ड २०२२ साली प्रमाणित झाली. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी कोड तयार करताना टाइपस्क्रिप्ट फील्डची ओळ उचलून कन्स्ट्रक्टरच्या आत नेऊन ठेवतो. मग बाहेरच्या नेमसाठी लिहिलेली ओळ आतल्या नेमला चिकटणार! म्हणून नावं जुळली की तो सरळ एरर देतो. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. मला तो त्या कोऱ्या लेबलापेक्षा बरा वाटतो.

कोटलिनमध्ये आणि २०२३ च्या सी शार्प १२ मध्ये पॅरामीटर क्लासच्या नावाशेजारीच लिहिता येतात, आणि मग ते फील्डला दिसतातही. नियम मोडलेला नाही, पॅरामीटरची जागा बदलली आहे. पुढे दोघांच्या वाटा फुटतात. कोटलिनमध्ये असा साधा पॅरामीटर ऑब्जेक्ट घडेपर्यंतच दिसतो, मेथडला नाही. सी शार्पमध्ये मेथडलाही दिसतो, तिथे बदलताही येतो. पण त्यावरून आधी भरलेलं फील्ड जुनीच किंमत धरून बसतं. एकाच ऑब्जेक्टमध्ये अशा दोन किमती नांदण्यापेक्षा कोटलिनची कंजुषी मला पटते.