आभार की आर्जव?

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामात गोठ्यांच्या तयारीबरोबर आणखी एक धावपळ सुरू होते, ती शाळाप्रवेशाची. अर्ज, जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, फोटो आणि मग मुलाखत. बालवाडीत जायचे असते साडेतीन वर्षांच्या लेकराला, पण छाती धडधडते ती आईबाबांची.

काही वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको त्या रांगेत होतो. सिस्टर आमच्याशी दहा मिनिटे बोलल्या. मुलगी रडू लागली तेव्हा त्यांनी टेबलावरचा रंगीत खडू तिच्या हाती दिला आणि ती गप्प झाली. निघताना आम्ही दारातच त्यांचे आभार मानले. घरी आल्यावर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "एक आभाराचे पत्र टाका. बरे दिसते." आम्हालाही ते पटले. रात्री कागद घेऊन बसलो.

पत्र लिहून झाले आणि मोठ्याने वाचले. त्यात खडूचा उल्लेख एकदा होता आणि मुलीचे नाव तीनदा. अर्जाचा क्रमांक होता. आजोबा अनेक वर्षे चर्चच्या गायनवृंदात गात होते, हेही होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे आभार होते की आर्जव?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उपकार लक्षात ठेवावेत हे आपण मुलांना शिकवतो. मुलाखतीनंतर चार ओळी लिहून पाठवण्याची रीत पाश्चात्य देशांत आहेच आणि तिला कोणी लाच म्हणत नाही. सिस्टरांनी वेळ दिला, माया दाखवली. निकाल काहीही लागो, एवढे तर आम्हाला मिळालेच होते. मग पत्र पाठवण्यात गैर ते काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात कृतज्ञतेचा स्वतंत्र विचार केला आहे. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याचा आधार घेऊन ते सांगतात की, मनातली कृतज्ञता तत्काळ असावी, पण परतफेड योग्य वेळ पाहून करावी. परतफेडीची घाई करणाऱ्याला उपकाराचे ओझे झालेले असते. आणखी एक गोष्ट ते सांगतात. उपकाराचे मोल वस्तूपेक्षा देणाऱ्याच्या मनावरून ठरते.

या कसोटीवर आमचे पत्र उतरत नव्हते. मनातले आभार आम्ही दारातच बोलून मोकळे झालो होतो. सिस्टरांनी खडू दिला तो रडणारे मूल शांत व्हावे म्हणून. त्यांच्या मनात देण्याघेण्याचा हिशेब नव्हता. आभार म्हणजे 'आम्ही तुमचे ऋणी आहोत' अशी कबुली. आमचे पत्र मात्र उलट त्यांनाच आमचे ऋणी करू पाहत होते. आम्ही इतके छान लिहिले, आता तुम्ही आमच्याकडे पाहा, असा त्याचा सूर होता.

आणि त्या रांगेत आम्ही एकटे नव्हतो. आमच्यामागे एक आई भाजीची रिकामी पाटी बाजूला ठेवून बसली होती. तिला असे पत्र लिहिता आले असते का? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १३व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपये दंड ठेवला. हेतू हाच की आईबाबांच्या बोलण्याचालण्यावरून लेकराचे भवितव्य ठरू नये. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पण जिथे कायद्याचा धाक नाही, तिथे सद्सद्विवेकबुद्धीची जबाबदारी वाढते, शाळेची आणि आपलीही.

आम्ही ते पत्र पाठवले नाही. यादी लागली. तीत मुलीचे नाव नव्हते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला पत्र न पाठवल्याचा पश्चात्ताप झाला. कदाचित त्या चार ओळींनी काम झाले असते, असे मनात आले. आठवडाभर घरात तोच विषय होता. मग एका रात्री पुन्हा कागद घेतला. या वेळी चारच ओळी लिहिल्या. मुलगी रडत असताना दिलेल्या खडूबद्दल सिस्टरांचे आभार, आणि उन्हात उभ्या असलेल्या पालकांना न मागता पाणी आणून देणाऱ्या शिपाईमामांचे आभार. पहिल्या पत्रात शिपाईमामा कुठेच नव्हते, कारण त्यांच्या हाती प्रवेश नव्हता! लिहिताना हात जड झाला होता, पण पत्रात एकही खोटा शब्द नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला. तो आला तेव्हा बरा झालेला होता, त्याला मागायचे काही उरले नव्हते. म्हणून त्याचे आभार निखळ होते.

यंदा ज्यांच्या घरी मुलाखतीची तारीख आली आहे, त्यांनी आभार जरूर मानावेत. निकालाआधी पत्र लिहिणे हे काही पाप नव्हे. पण दारात, डोळ्यांत पाहून म्हटलेला 'थँक्यू सिस्टर' पुरेसा असतो. लेखणी यादी लागेपर्यंत राखून ठेवावी. नकार आल्यावरही जे पत्र जसेच्या तसे पाठवता येईल, तेच आभाराचे पत्र.