लाल फुली

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं काढलेला मुलगा जानेवारीत जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याला घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन जोड कपडे आणि एक जाड वही होती. वहीत एकेचाळीस रेणूंची नावं आणि प्रत्येकापुढे लाल शाईची फुली. हिस्टमिन हे खाज उठवणारं शरीरातलंच रसायन, ते पेशींवरच्या चार कुलपांतून, म्हणजे रिसेप्टरांतून, काम करतं. त्यातलं चौथं कुलूप, 2000 साली उजेडात आलेलं, बंद करणारा रेणू त्याला हवा होता. तो सापडला तर नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी खाज आवरता येईल, असा त्याचा हिशेब. एकही लागू पडला नव्हता. हा नाद सोडून जोयड्यात औषधाचं दुकान टाकायचं, हे त्याने बसमध्येच ठरवलं होतं.

घरी कोन, म्हणजे परसातले मोठे कंद, खणायचे दिवस होते. आजी पहाटेच परसात गेलेली. (तिची बोली कुणब्यांची कोंकणी, मी ती मराठीत घालून सांगतोय, तेव्हा तिचा निम्मा ठसका इथेच गळाला असं समजा.)

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा पोरगा बोंबलत आला. लाकडं गोळा करायला रानात गेला होता आणि खाजकुयलीच्या शेंगांत सापडला. या दिवसांत त्या शेंगा वाळतात आणि जरा धक्का लागला की सोनेरी लव उडते. पोराची मान, हात, पाठ लालबुंद झालेली. आमच्या संशोधकाला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं शिक्षण घरच्या कामी येईल असं वाटलं. पिशवीतून सेट्रिझिनची गोळी काढून त्याने पोराला दिली आणि घड्याळ लावून बसला. अर्धा तास गेला, तास गेला. पोरगा भिंतीला पाठ घासत होता.

आजीने गोठ्यातून शेण आणलं, हलक्या हाताने चोळलं, थोडं वाळू दिलं आणि खरवडून धुतलं. शेणाबरोबर कुसळं निघाली. तासाभरात पोरगा गूळ मागू लागला.

"गोळी फेल गेली," नातू पुटपुटला.

"फेल कशी? ही खाज तुझ्या गोळीच्या ओळखीची नव्हे, एवढं तरी तिने सांगितलं ना!"

आजी सहज बोलून गेली आणि हात धुवायला उठली. नातू मात्र बसल्या जागी गप्प झाला. हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. खाजकुयलीच्या कुसळात म्युक्युनेन नावाचं विकर असतं आणि ते मज्जातंतूंच्या टोकावरचं भलतंच कुलूप उघडतं. हिस्टमिनचा त्यात फारसा हात नसतो. परीक्षेत यावर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले होते.

आणखी एक गोष्टही त्याला पाठ होती. ती त्याने प्रयोगशाळेत पडद्यावर चित्रं दाखवून, टाळ्या घेऊन सांगितली होती.

हिस्टमिनचे गुण लंडनमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी 1910 साली तपासले. 1920 मध्ये पोपिएल्स्कीने कुत्र्यांवर दाखवलं की हिस्टमिन दिलं की जठरात आम्ल पाझरतं. पुढे पॅरिसमध्ये डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी श्टाउब यांनी 1937 मध्ये हिस्टमिनविरोधी पहिला रेणू शोधला. त्या वाटेने आलेल्या गोळ्यांनी शिंका थांबल्या, पित्ताच्या गांधी बसल्या, आतड्याचे आचके थांबले. पोटातलं आम्ल मात्र थांबेना. गोळी हरली, हिस्टमिन पाझरवतच राहिलं. बऱ्याच जणांनी यावरून निष्कर्ष काढला की आम्लाच्या बाबतीत हिस्टमिनची फार भानगड नसावी. तेव्हा पोटाच्या व्रणावर दुधाचा आहार, आम्लशामक औषधं, नाहीतर शस्त्रक्रिया, असेच उपाय होते.

जेम्स ब्लॅक या स्कॉटिश माणसाने हीच हार उलटी धरून वाचली. गोळी लागू पडत नाही, म्हणजे जठरात हिस्टमिनचं कुलूपच वेगळं असणार. 1966 मध्ये अ‍ॅश आणि शिल्ड यांनी जुन्या गोळ्यांना जुमानणाऱ्या कुलपाला एच-1 नाव दिलं, ब्लॅक दुसऱ्याच्या मागावर होता. त्याआधीच, 1964 मध्ये, तो इंग्लंडमधल्या वेल्विनच्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत आला. रसायनतज्ज्ञ रॉबिन गॅनेलिन आणि ग्रॅहॅम ड्युरंट यांच्या सोबतीने हिस्टमिनचाच रेणू थोडा थोडा बदलत त्यांनी चार वर्षांत दोनशेच्या आसपास रेणू करून पाहिले. कुणीही आम्ल थोपवेना. कंपनीच्या हिशेबनीसांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना कुंभारवाड्यातही करता येईल.

मग 1968 च्या सुमारास त्यांनी अगदी सुरुवातीला बनवलेला एक रेणू, ग्वानिलहिस्टमिन, पुन्हा काढला. तो स्वतःच थोडं आम्ल पाझरवतो म्हणून नापास झाला होता. अधिक बारीक मोजमाप करून पाहिलं तेव्हा कळलं, की तो हिस्टमिनच्या कुलपात शिरतो, अर्धवट फिरतो, आणि तेवढ्यात खऱ्या किल्लीची वाट अडवतो. शेपूट लांबवली, टोकाचा विद्युतभार काढला, बुरिमामाइड तयार झालं. 1972 मध्ये 'नेचर'मध्ये एच-2 कुलूप जगासमोर आलं. पुढच्या मेटिआमाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटवल्या, तेव्हा तेही बदलावं लागलं. 1976 मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं, 1988 मध्ये ब्लॅकला नोबेल मिळालं. आपल्याकडे घरोघरी खाल्ली गेलेली रॅनिटिडीनची गोळी याच कुळातली. पुढे व्रणामागे बहुतेकदा जिवाणू असतो हेही निघालं. पण ती गोष्ट निराळी.

आपल्या कोकणातही असं घडलंय. विंचू चावला की अँटिहिस्टमिन, स्टिरॉइड देण्याची रीत होती. माणसं तरी दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. ही अ‍ॅलर्जी नव्हे, हे त्यांनी ओळखलं. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि पुढे रक्तवाहिन्यांवरची निराळीच कुलपं बंद करणारं प्राझोसिन त्यांनी विंचवासाठी वापरलं.

एवढं सगळं नातवाला माहीत. गंमत अशी, की वहीत त्याने तरीही बहुतेक फुल्याच मारल्या. काय झालं ते जवळपास लिहिलंच नाही, काय झालं नाही तेवढंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी आजीने त्याच्या हाती पहार दिली. परसात एक वेल हिरवीगार, दोन वाळून कोळ झालेल्या. तो हिरव्या वेलीकडे वळला.

"तिथे नको, ती अजून पानंच पोसतेय. वाळलीय तिच्या बुडाशी खण. काठीची खूण ठेवलीय बघ मी."

सावकाश खणायचं होतं, नाहीतर कोनाचे तुकडे पडतात. दोन हातांवर मातीतून गड्डा वर आला, आजीच्या मांडीएवढा. आजीने माती झटकली, वरचं टोक पुढच्या वर्षीच्या लावणीला कापून ठेवलं. "ही काठी काढू नकोस हं. पावसात इथेच परत लावायचाय."

संध्याकाळी त्याने वही उघडली. सातव्या रेणूपुढे फुली होती आणि शेजारी, दोन वर्षांपूर्वीच्या चिडलेल्या अक्षरात, एकच शब्द: 'उलटच'. हा रेणू पेशींमधला संदेश दाबायच्या ऐवजी किंचित वाढवत होता. हिस्टमिन वाढवतं त्याच्या पावपटसुद्धा नाही. तेव्हा त्याला तो रेणू आपली थट्टा करतोय असं वाटलं होतं.

घरात रेंज नव्हती. तो शाळेपलीकडच्या चढावर गेला, मोबाइल हवेत धरून एक पट्टी मिळवली आणि प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला.

"फ्रीजमधली सात नंबरची बाटली फेकलीस का गं?"

पलीकडे दार उघडल्याचा, काचा किणकिणल्याचा आवाज.

"आहे. पण लेबलवर तूच लाल फुली मारलीयस. पुसू का?"

"नको, राहू दे," तो म्हणाला. "मी परवाच्या बसने येतोय."