मुका मार

अंगावर जखम नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं, आणि माणूस मात्र गतप्राण झालेला! अशा मृत्यूचें कारण शोधणें हें वरवर पाहतां केवळ वैद्यकाचें काम होय. परंतु त्या शोधाच्या पाठोपाठ नीतीचा प्रश्नही कसा दाराशीं येऊन उभा राहतो, तें एका उदाहरणावरून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सॉली झुकरमन यांचा जन्म १९०४ सालीं केप टाउन येथें झाला. ऑक्सफर्ड येथें ते शरीररचनाशास्त्र शिकवीत, आणि वानरांच्या सामाजिक जीवनावरील १९३२ सालच्या ग्रंथानें त्यांचें नांव झालें होतें. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या गृहसुरक्षा खात्यासाठीं त्यांनीं स्फोटाच्या इजांचा अभ्यास आरंभिला. स्फोटांत सांपडलेल्यांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव आढळे, पण बाहेर खूण नसे. दाबाची लाट नाकातोंडावाटें आंत शिरून फुफ्फुसें फाडते, अशी एक कल्पना होती. झुकरमन यांनीं स्फोटकापासून निरनिराळ्या अंतरांवर प्राणी ठेवले व कांहीं सशांच्या छातीस स्पंजासारख्या रबराचें आवरण घातलें. आवरण घातलेल्या सशांचीं फुफ्फुसें बचावलीं, उघड्या सशांचीं रक्ताळलीं. आणि इजा स्फोटाच्या बाजूस अधिक दिसली. श्वासाचा मार्ग तर दोहोंचाही सारखाच मोकळा होता. अर्थात् लाट छातीवरच आदळते आणि तो मार आंत पोहोंचतो, हें सिद्ध झालें. १९४० सालीं 'लान्सेट' ह्या नियतकालिकांत हें संशोधन प्रसिद्ध झालें. आपण ज्यास मुका मार म्हणतों त्याचेंच हें भयंकर रूप. आणि तें उमगावें म्हणून तो मार प्रथम मुक्या जनावरांनीं सोसला, हेंही विसरतां येत नाहीं.

बाहेरून धडधाकट दिसणारा मनुष्य आंतून घायाळ असूं शकतो, हें ज्ञान रुग्णाच्या हिताचें खरें. परंतु शरीर किती दाब सोसतें हें ज्यानें मोजलें, त्यानें किती दाबानें तें मरतें हेंही मोजलेंच. रक्षणाची मर्यादा व संहाराची मर्यादा ही एकच रेषा आहे. पाहणारा कोणत्या बाजूस उभा आहे, एवढाच काय तो भेद.

हा भेद लवकरच प्रत्ययास आला. झुकरमन व त्यांचे सहकारी बर्नाल यांनीं जर्मन बाँबवर्षाव सोसलेल्या हल व बर्मिंगहॅम ह्या शहरांची पाहणी केली. ती पुरी होण्यापूर्वींच, १९४२ च्या मार्चअखेर, चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनीं तिचाच आधार घेऊन असें प्रतिपादिलें कीं, जर्मन शहरांतील घरें पाडून लोकांस बेघर केलें तर त्यांचें मनोधैर्य खचेल. पुढील महिन्यांत पाहणीचा अहवाल पुरा झाला. त्यांत दोन्ही शहरांत लोक गर्भगळित झाल्याचा पुरावा नाहीं, असें नमूद होतें. पण शहरांवरील बाँबवर्षाव कांहीं थांबला नाहीं.

लोहारानें विळा घडविला. त्यानें कोणी गळा कापला, तर लोहाराचा काय दोष, असें कोणी विचारील. परंतु विळा कोण नेणार हें लोहारास ठाऊक नसतें. युद्धकाळांतील संशोधकास मात्र विचारणारा कोण व कशासाठीं विचारतो हें ठाऊक असतें. उलट, असें संशोधनच नको म्हणावें, तर ढिगाऱ्याखालून काढलेल्या जखमी लेंकराच्या आईस आपण काय उत्तर देणार? आमच्या मतें ज्ञान मिळविण्यांत पाप नाहीं. पण आंकडे हातीं दिल्यानें संशोधकाचें कर्तव्य संपतें असें मात्र नाहीं. त्यांचा विपरीत अर्थ होत असतां बोलणें, हाही त्या संशोधनाचाच भाग होय.

झुकरमन हे सर्वस्वीं निर्लेप होते असें आम्ही म्हणत नाहीं. १९४४ सालीं फ्रान्समधील रेल्वेंवर बाँब टाकण्याच्या योजनेचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि त्या बाँबहल्ल्यांत फ्रेंच नागरिकही मेले. उद्ध्वस्त कलोन शहर त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. संहाराचा निसर्गेतिहास ह्या विषयावर 'होरायझन' मासिकासाठीं लेख लिहिण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें. पण तो लेख त्यांच्या हातून उतरला नाहीं. तें दृश्य ज्या वाणीची अपेक्षा करीत होतें ती आपल्यापाशीं नव्हती, अशा अर्थाची कबुली त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत दिली. सशाच्या छातीवरील मार ज्यानें इतक्या बारकाईनें मोजला, त्याच्या स्वतःच्या अंतःकरणावरील मार मात्र मुकाच राहिला.

आपल्या घरचा मुलगा वा मुलगी प्रयोगशाळेंत जाऊं लागली, म्हणजे 'नवें काय शोधलेंस?' असें आपण कौतुकानें विचारतों. 'हें तुला कोणीं विचारलें, आणि तो त्याचें काय करणार?' हा दुसरा प्रश्नही त्याच कौतुकानें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.