उत्तर कुणाला ठाऊक होतं?

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त मास्तर राहत. जनावरालाही नीट शिकवलं तर ते शिकतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. हान्स नावाच्या घोड्याला फळ्यासमोर उभं करून त्यांनी वर्षानुवर्षं अंक आणि अक्षरं गिरवून घेतली. चुकलं तर पुन्हा समजावायचं, जमलं तर गाजर नाहीतर पाव द्यायचा.

१९०४ पर्यंत हान्सची कीर्ती सगळीकडे पसरली. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा, हान्स पायाने नेमके तितके ठोके द्यायचा. ओस्टेन अंगणात जमलेल्या लोकांकडून एक पैसाही घेत नसत. आपल्याकडे दारावर येणारा नंदीबैल मालकाच्या इशाऱ्यावर मान हलवतो आणि मालकाला ते पुरतं ठाऊक असतं. ओस्टेनांच्या मनात तसलं काहीच नव्हतं. माणूस सचोटीचा होता, आणि खरी अडचण तिथेच होती.

मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने १३ जणांची समिती नेमली गेली. तिच्यात सर्कसवाले होते, जनावरांचे डॉक्टरही होते. त्यांनी लबाडी शोधली, ती सापडली नाही. ओस्टेन जवळ नसतानाही, परक्या माणसाने विचारलं तरी घोडा बरोबर उत्तर देई. मग शंका कशाला घ्यायची?

श्टुम्फ यांचा तरुण सहकारी ऑस्कर फुंग्स्ट याने मात्र वेगळाच प्रश्न धरला. लबाडी आहे का, हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारलं, विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होईल?

त्याची एक चाचणी मला फार आवडते. ओस्टेनांनी हान्सच्या एका कानात एक आकडा कुजबुजायचा, फुंग्स्टने दुसऱ्या कानात दुसरा, आणि हान्सने बेरीज करायची. दोन्ही आकडे फक्त हान्सला कळलेले. हान्स सपशेल चुकला. मग विचारणाऱ्यांना उत्तर ठाऊक असताना तीच चाचणी घेतली, की गणित लगेच जमायचं. डोळ्यांच्या बाजूंना मोठी झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही घोडा गडबडला. तो विचारणाऱ्याला पाहण्यासाठी धडपडायचा, चिडायचा, चावायलाही धावायचा.

आता फुंग्स्टने घोड्यावरची नजर काढून माणसांवर ठेवली. प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे झुके, हान्स ठोके सुरू करी. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी, वर उचललं जाई, हान्स थांबे. ओस्टेनांच्या रुंद काठाच्या टोपीमुळे ती हालचाल आणखी ठळक होई. हान्सला गणित येत नव्हतं. त्याला माणसं वाचता येत होती, आणि हे काही कमी अवघड नाही.

एवढ्यावर फुंग्स्ट थांबला नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. त्याने प्रयोगशाळेत स्वतःच हान्सची जागा घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि याने हाताने ठोके द्यायचे. २५ जणांपैकी दोघे सोडले तर बाकी सगळ्यांच्या डोक्याने तो आकडा त्याला सांगून टाकला. स्वतःच्या हालचालीही त्याने तपासल्या. हान्सला तोही नकळत खुणा देतच होता.

समोर घोडा चुकताना पाहून ओस्टेन आधी चकित झाले, मग घोड्यावरच भडकले. पण त्यांचा विश्वास काही ढळला नाही. पुढे त्यांनी हान्सवर प्रयोग करायला मनाई केली. मला त्यांचं वाईट वाटतं. इतक्या वर्षांची माया आणि मेहनत अशी एका चाचणीवर ठेवायची हिंमत सगळ्यांना होत नाही. फुंग्स्टचं पुस्तक १९०७ साली निघालं. १९०९ साली ओस्टेन वारले, तोवर हान्सला गणित येतं हे त्यांच्या लेखी पक्कंच होतं.