सही करण्याआधी

शिवाजी पार्क, दादर

चि. अनघा,


तुझ्या आईचा फोन आला होता. डॉक्टरांनी तुला ल्युपसच्या किडनीविकारावरच्या नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं, आणि घरात ‘आमच्या पोरीवर प्रयोग नकोत’ असं सुरू झालं. तिची भीती मला समजते. पण शरीर तुझं, निर्णय तुझा, म्हणून पत्र तुला.

गेल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी तुला सलाइनमधून सायक्लोफॉस्फमाइड दिलं, 500 मिलिग्रॅम, सहा वेळा. पूर्वी याच औषधाचे मोठे डोस महिनोन्‌महिने चालत. किडनी वाचायची, पण कित्येक तरुण मुलींची पाळी कायमची जायची. लहान डोसने भागेल का, हे युरोपातल्या 90 रुग्णांच्या ट्रायलमध्ये तपासलं गेलं आणि 2002 साली उत्तर आलं: भागतं. ते रुग्ण बहुतेक गोरे होते. आपल्याकडचं काय? चंदीगडच्या पीजीआयमध्ये 100 रुग्णांत हाच लहान डोस आणि मायकोफेनोलेट हे दुसरं औषध यांची तुलना झाली. 2016 साली छापून आलेला निष्कर्ष असा की 24 आठवड्यांनंतर दोन्हींचा गुण सारखाच. तुझ्या डॉक्टरांनी तो डोस निर्धास्तपणे लिहिला, तो ट्रायलमधल्या या माणसांच्या जोरावर. त्यांची नावं आपल्याला कधी कळायची नाहीत. मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटते. तरीही त्यांचं ऋण फेडायचं म्हणून तू ‘हो’ म्हणू नकोस.

आईला वाटतं, तुला नुसतंच खोटं औषध देऊन सोडतील. बेलिमुमॅब या औषधाची ट्रायल बघ. 2020 मध्ये निष्कर्ष आले, 448 रुग्ण होते, आणि प्लासिबोच्या, म्हणजे खोट्या औषधाच्या, गटालाही नेहमीचे उपचार चालूच होते. दोन वर्षांनी किडनीत ठरवलेली सुधारणा नव्या औषधाच्या गटात 43 टक्क्यांना दिसली, दुसऱ्या गटात 32 टक्क्यांना. म्हणजे फरक पडला, पण निम्म्याहून अधिकांना तेवढा गुण आला नाही. रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधावर तर सगळ्यांची भिस्त होती. 144 जणांच्या ट्रायलमध्ये वर्षभरानंतरही ते नेहमीच्या उपचारांहून ठोस सरस ठरलं नाही. उत्तर डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, म्हणून तर ट्रायल करतात. कुणी ‘हमखास बरी होशील’ म्हणालं, तर तिथून उठून ये.

आणखी एक. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात एनआयआयएच ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे. तिथे ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडींवर अभ्यास झाले आहेत. अशा कामासाठी रक्ताचा नमुना द्यावा लागतो. तुझ्या ट्रायलमध्ये औषध शरीरात जाणार. दोन्हीला संशोधनच म्हणतात, जोखीम मात्र सारखी नाही.

औषधांच्या ट्रायलसाठीच्या 2019 च्या नियमांनी तुला बळ दिलं आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाईही. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, एक सामान्य नागरिकही. मधेच, कारण न सांगता, तू बाहेर पडू शकतेस. तुझे नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत.

माहितीपत्रक मराठीत माग आणि घरी घेऊन ये. प्लासिबो नेमका कशाच्या जोडीला आहे? बायोप्सी पुन्हा करावी लागेल का? औषध लागू पडलं, तर ट्रायल संपल्यावर ते मिळत राहील का, आणि कुणाच्या खर्चाने? हा शेवटचा प्रश्न लेखी विचार. गर्भ राहू नये याची खबरदारी घ्यायला सांगतील, कारण नेहमीच्या उपचारांतल्या मायकोफेनोलेटने बाळात व्यंग येऊ शकतं. लग्नाचं बघत असताना घरात हे बोलणं तुला जड जाईल. आईशी मी बोलते.

ऊन तुला सोसत नाही, तेव्हा संध्याकाळी उन्हं कलल्यावरच ये. कागद दोघी मिळून ओळीने वाचू. तू ‘नाही’ म्हणालीस, तरी डॉक्टरांना ते मी तुझ्याबरोबर येऊन सांगेन.

तुझी,
आत्या