गुहेंतला माणूस आणि आपलीं मुलें

आपण किती सुधारलों हें मुलांच्या मनावर ठसवावयाचें झालें, म्हणजे गुहेंतल्या माणसाइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. तो कातडीं पांघरी, कच्चें मांस खाई, आणि बळी तो कान पिळी एवढाच त्याचा कायदा, असें सांगून धडा संपतो. मूल आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहून संतुष्ट होतें. या संतोषाविषयीं आम्हांस शंका आहे.

मुळांत अश्मयुगांतील सारींच माणसें गुहांत राहत नव्हतीं. उघड्यावरच्या वस्त्या ऊन-पावसानें पुसल्या गेल्या. गुहेच्या छताखालीं पडलेलीं हाडें व हत्यारें टिकलीं, इतकेंच. (अजिंठ्याची सहल करून आलेल्या मुलास हेंही सांगावें लागतें कीं, तीं लेणीं भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत, आदिमानवाचीं तीं घरें नव्हेत.)

इराकच्या उत्तरेस झाग्रोस पर्वतांत शानिदार नांवाची गुहा आहे. राल्फ सोलेकी यांनीं १९५१ ते १९६० या काळांत तेथें उत्खनन केलें, तेव्हां निअँडरथल मानवांचे कित्येक सांगाडे मिळाले. चुलींच्या खुणाही मिळाल्या; कच्च्या मांसाची गोष्ट तेथेंच लंगडी पडते. १९५७ सालीं सांपडलेला एक पुरुष चाळिशीच्या आसपासचा होता. त्याच्या डाव्या डोळ्याभोंवतालचें हाड ठेंचून पुन्हां भरून आलेलें. त्या डोळ्यानें त्याला दिसत नसावें. उजवा हात वाळलेला व कोपराच्या आसपास तुटलेला. उजव्या पायानेंही तो लंगडत असावा. कानाच्या पोकळींत हाड वाढल्यानें त्याला नीट ऐकूं येत नसावें, असें २०१७ सालच्या एका अभ्यासांत दाखविलें आहे. यांतील मुख्य जखमा मृत्यूच्या पुष्कळ आधींच्या. असा माणूस इतकीं वर्षें जगला, त्या अर्थीं कोणीतरी आपल्या शिकारींतला वांटा त्याला देत असलें पाहिजे, असें पुष्कळ संशोधक मानतात.

हें ऐकल्यावर चलाख मूल विचारील, “आपल्या आळींतल्या आंधळ्या आजोबांना कोण जेवूं घालतें?” आमच्या मतें पुष्कळ वडील मंडळींना गुहेंतला रानटी माणूस प्रिय असतो, तो हा प्रश्न टळावा म्हणून. हत्यारें सुधारलीं म्हणून दयाही वाढली, हें अनुमान कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें?

मात्र उलट टोंकास जाऊन मुलांपुढें गुहेंतला साधुपुरुष उभा करणेंही आम्हांस मान्य नाहीं. त्याच गुहेंतल्या दुसऱ्या एका पुरुषाच्या बरगडीवर तीक्ष्ण शस्त्राचा घाव आहे. तो भरूं लागला असतांनाच तो माणूस मेला. वांटा देणारेही तेथलेच आणि हा घावही तेथलाच. मुलाला दोन्ही सांगावें. तिसऱ्या एका प्रेताजवळ फुलांचे पराग मिळाले, तेव्हां मृताला फुलांच्या शेजेवर निजविलें होतें अशी कथा जगभर झाली. पुढें कांहीं अभ्यासकांनीं म्हटलें कीं, ते पराग बिळें करणाऱ्या उंदरांनीं किंवा मधमाशांनीं आंत नेले असावेत. कथा गोड आहे, मुलांना आवडेलही. सांगावयाची असल्यास उंदरांसकट सांगावी.