मोडलेल्या सुईला नमस्कार



खंडेनवमीला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्रे पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. आपल्याला यात नवल नाही. सावतोबांना मळ्यात आणि गोरोबांना मातीत विठ्ठलच दिसला. पण माउली, पूजा होते ती चालत्या यंत्राची. मोडलेले भंगारात जाते.

जपानच्या शिंतो धर्मात डोंगर, झाड, झरा यांच्या ठायी ‘कामी’ म्हणजे दैवत मानतात. दर्शनाआधी हात धुऊन चूळ भरतात. तिथे सुईला ‘हारि’ म्हणतात. नाद आपल्या हरीचा वाटतो, तो केवळ योगायोग. ८ फेब्रुवारीला तिथल्या अनेक शिंतो आणि बौद्ध देवळांत ‘हारि-कुयो’ होतो. वर्षभरात मोडलेल्या सुया लोक आणतात आणि सोयाबीनच्या मऊ तोफूत टोचतात. जाड कापडात झिजली, आता मऊ जागी विसावू दे, हा भाव. त्या सुईकडून आता काहीच मिळायचे नसते, तरी तिचे आभार मानतात.

आपले नामदेवराय शिंपी कुळातले. सुईचे मोल आपल्याला का कळू नये? भंगार विकावे लागते, खरे. पण आधी हात जोडायला कितीसा वेळ लागतो?

आणि यंत्र चालवून थकलेला माणूस? वारीत आपण ‘तुझा उपयोग काय’ असे न विचारता एकमेकांच्या पाया पडतो. यंदा खंडेनवमीला यंत्राला हार घातलात की सोप्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या कामगाराच्याही पाया पडून या. तोही विठ्ठलच आहे.